सुरूच्या बनावरून पुळणीवर

मॉडेल विमानांच्या या सदरात यंदा आलेल्या पत्रांचा सूर एकच आहे: विमान वर जातं छान, खाली येताना जागा पुरत नाही. कोकणात ते साहजिकच आहे. सपाट म्हणावी अशी जागा म्हणजे पुळण, कातळाचा सडा किंवा भात कापून झालेले कुणगे. आणि प्रत्येकाच्या कडेला काहीतरी उंच उभं असतंच. म्हणून या वेळची उत्तरं फक्त उतरण्याबद्दल.

प्रश्न (दापोली तालुका): आमचा किनारा उत्तर-दक्षिण आणि दुपारचा वारा पश्चिमेचा. पुळणीच्या लांबीवर उतरलं की वारा आडवा लागतो, म्हणून सुरूच्या बनावरून समुद्राकडे तोंड करून उतरतो. झाडं साधारण १२ मीटर, त्यापुढे ओहोटीला ७० मीटर वाळू. मॉडेल १.४ मीटर पंखांचं हाय-विंग ट्रेनर (पंख अंगाच्या वर असलेलं शिकाऊ विमान), वजन १.३ किलो, दोन एलेरॉन (पंखाच्या टोकाकडची, विमान कलतं करणारी पाती), फ्लॅप (पंखाच्या आतल्या बाजूची, खाली वळणारी पाती) नाहीत. नाक खाली दाबलं तरी तरंगत पाण्यापर्यंत जातं. उपाय काय?

उत्तर: नाक दाबणं हाच घोटाळा आहे. विमानाची उंची कुठे गायब होत नाही, ती वेगात जमा होते. तुमचं मॉडेल १० मीटर प्रति सेकंदानं येत असेल तर त्या वेगात सुमारे ५ मीटर उंचीइतकी ऊर्जा आहे. नाक दाबून वेग १५ केलात की तीच ११.५ मीटर होते. म्हणजे झाडावरून १४ मीटरवर निघून तुम्ही साडेसहा मीटर उंची 'खाल्ली' असं वाटतं, पण ती खिशात तशीच शिल्लक आहे. जमिनीजवळ नाक सरळ केलं की ती परत मिळते आणि मॉडेल चाळीस-पन्नास मीटर वाळूला समांतर सरकत राहतं. उंची घालवायची तर ती ड्रॅगमध्येच, म्हणजे हवेच्या रोधातच, घालवावी लागते.

आता तुमच्या जागेचा हिशेब मांडू. थ्रॉटल (मोटरचा जोर) बंद असताना अशा ट्रेनरचं ग्लाइड गुणोत्तर ८ धरा, म्हणजे १ मीटर खाली येताना ८ मीटर पुढे. झाडावर २ मीटर मोकळीक ठेवून १४ मीटरवरून निघालात तर वारा पडलेला असताना ११२ मीटर लागतील. समोरून ४ मीटर प्रति सेकंद वारा असेल तर हवेतला वेग १० असूनही जमिनीवरचा जेमतेम ६ होतो आणि अंतर ६७ मीटरवर येतं. त्यात फ्लेअरचे, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलून वेग मोडण्याचे, १५ मीटर मिळवा. पाय ओले होणारच.

तुमच्याकडे फ्लॅप नाहीत, पण दोन एलेरॉनना दोन वेगळे सर्व्हो (पाती हलवणाऱ्या छोट्या मोटरी) असतील तर दोन्ही एकाच वेळी वर उचलता येतात. यालाच स्पॉयलरॉन म्हणतात. पंखाच्या बाहेरच्या भागाची लिफ्ट (वर उचलणारं बल) कमी होते, ड्रॅग वाढतो आणि उतार तीव्र होतो. गुणोत्तर ८ वरून ५ वर आलं आणि वेग ११ ठेवला तर त्याच वाऱ्यात ४४ मीटर पुरतात. फ्लेअर धरूनही तुमच्या ७० मध्ये बसतं.

वेग ११ का, १० का नाही? एलेरॉन वर केले की पूर्ण पंखाची जास्तीत जास्त लिफ्ट घटते, म्हणजे स्टॉल (पंखाची उचल अचानक तुटणं) थोड्या जास्त वेगाला येतो. हे विसरून लोक नेहमीच्याच वेगानं येतात आणि मॉडेल शेवटच्या मीटरभरात धप्प बसतं. सुमारे दहा टक्के वेग जास्त ठेवा. मोबदल्यात एक चांगली गोष्ट मिळते: पंखांची टोकं कमी कोनावर असल्यामुळे स्टॉल झालाच तर मधून होतो, एका टोकावर कलंडत नाही.

सुरुवात १० अंशांनी करा. पुढे २० ते २५ अंशांपर्यंत जायला हरकत नाही. ४५ मिलिमीटर रुंद एलेरॉनवर २० अंश म्हणजे मागची कड सुमारे १५ मिलिमीटर वर. पहिली चाचणी ५० मीटर उंचीवर घ्या. थ्रॉटल बंद, मॉडेल सरळ, मग स्पॉयलरॉन. नाक वर जातं की खाली हे मॉडेलगणिक बदलतं, त्यामुळे आधी अंदाज बांधू नका. एलेव्हेटरचे (शेपटीवरचं, नाक वर-खाली करणारं पातं) जितके ट्रिम क्लिक द्यावे लागले तितके लक्षात ठेवा, खाली उतरल्यावर तेवढंच मिक्समध्ये (एका कळीबरोबर दुसरं पातंही हलवण्याची ट्रान्समीटरमधली सोय) घाला आणि ट्रिम जागच्या जागी आणा. त्याच उंचीवर स्पॉयलरॉन लावलेला असताना मुद्दाम स्टॉल करून पाहा, म्हणजे खाली आल्यावर आश्चर्य नको.

एक अडचण मात्र येणार. एलेरॉन आधीच २० अंश वर असला आणि त्याचा एकूण प्रवास २५ असला, तर वळायला वरच्या बाजूला फक्त ५ अंश उरतात. मॉडेल जड, आळशी वाटतं. एरवी आपण एलेरॉन वर जास्त आणि खाली कमी असं डिफरन्शियल ठेवतो. स्पॉयलरॉन लावल्यावर ते काढून टाका, जमलं तर उलटं करा, म्हणजे खाली येणारा एलेरॉन पूर्ण प्रवास करील आणि वळण परत हाती येईल.

आता सुरूच्या बनाबद्दल. समुद्रावरचा वारा बनावर आपटून वर चढतो. म्हणजे झाडांच्या समुद्राकडच्या अंगाला हवा वर उचलते आणि गावाकडच्या अंगाला ती खाली कोसळून घुमते. तुम्ही गावाकडून येता, तेव्हा आधी खाली ओढणारी, घुसळणारी हवा लागते आणि झाडं ओलांडताच उचलणारी. म्हणून झाडांआधी स्पॉयलरॉन लावूच नका. उंची आणि वेग राखून बन ओलांडा, झाडाचा शेंडा मागे पडला की मग लावा. उचलणाऱ्या पट्ट्यात मॉडेल दोन-तीन सेकंद खाली यायला नाखूश दिसेल. तिथे घाईनं नाक दाबलंत की वरचा सगळा हिशेब फुकट.

वाळूच्या मध्यावर आलात आणि मॉडेल अजून ५ मीटरपेक्षा वर असेल तर उतरू नका. आधी थ्रॉटल, मग स्पॉयलरॉन बंद, मग वळण, याच क्रमानं. सकाळी मतलई वारा असतो, तो जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. तेव्हा ही सगळी दिशा उलटी होते आणि पाण्यावरून झाडांकडे तोंड करून यावं लागतं. तो बहुधा मंद असल्यामुळे पुळणीच्या लांबीवर उतरणं सोपं पडतं.

प्रश्न (रत्नागिरी): एलेरॉन वर करण्याऐवजी दोन्ही खाली केले, म्हणजे फ्लॅपरॉन केले, तर फ्लॅपसारखाच फायदा होईल ना? आमच्या मॉडेलला २५ अंश खाली केले. शेवटच्या वळणात डावा पंख पडला आणि मॉडेल सरळ कातळावर.

उत्तर: होईल, पण पंखाच्या चुकीच्या टोकाला. एलेरॉन खाली गेला की पंखाच्या टोकाचा प्रभावी कोन वाढतो, म्हणजे टोक आधी स्टॉल होतं. त्यात शेवटच्या वळणात डावा पंख सावरायला तुम्ही स्टिक उजवीकडे दिली असणार. त्यानं डावा एलेरॉन आणखी खाली गेला. आधीच काठावर असलेलं टोक त्यानं ढकलून दिलं. शिवाय खाली गेलेल्या एलेरॉनचा ड्रॅग नाक त्याच बाजूला ओढतो. मॉडेल ज्या बाजूला पडलं ती बाजू यावरूनच कळते.

उतार तीव्र करायला फ्लॅपरॉन हे हत्यारच नव्हे. त्यानं लिफ्ट वाढते, ड्रॅग त्या मानानं कमी, म्हणून मॉडेल हळू येतं पण लांब तरंगतं. ठेवायचेच असतील तर ८ ते १० अंश, तेही टेक-ऑफला. वळणं रडरनं (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूनं) घ्या.

प्रश्न (कणकवली): सहा चॅनेलचा स्वस्त ट्रान्समीटर आहे. तयार स्पॉयलरॉनचा पर्याय नाही, तीन मोकळे मिक्स आहेत. जमेल का?

उत्तर: जमेल. दोन एलेरॉनना जोडणारी वाय-केबल काढा. उजवा सर्व्हो चॅनेल १ मध्ये, डावा चॅनेल ६ मध्ये. सर्व्हो एकमेकांच्या आरशातल्या प्रतिमेसारखे बसवलेले असतात, त्यामुळे दोघांना एकच सिग्नल दिला की एक एलेरॉन वर आणि दुसरा खाली जातो. म्हणून पहिला मिक्स: चॅनेल १ वरून ६ वर, अधिक १००. दुसरा: गोल बटणावरून (ते बहुधा चॅनेल ५ ला देता येतं) चॅनेल १ वर, अधिक २५. तिसरा: त्याच बटणावरून चॅनेल ६ वर, उणे २५. झाले तीन. एलेव्हेटरच्या भरपाईला मिक्स उरला नाही, ती बोटांनी द्या.

इथे बहुतेक जण एका ठिकाणी फसतात. बटण उणे १०० ते अधिक १०० फिरतं, शून्य मधोमध असतं. म्हणजे एका टोकाला स्पॉयलरॉन आणि दुसऱ्या टोकाला फ्लॅपरॉन! उड्डाणापूर्वी बटण चुकून त्या टोकाला राहिलं तर रत्नागिरीच्या वाचकाचा अनुभव तुम्हालाही येईल. मिक्समध्ये ऑफसेटची सोय असेल तर वापरा. नसेल तर बटणाला त्या टोकाला ठेवून सर्व्होचे हॉर्न (सर्व्होवरचे छोटे दांडे) काढा आणि एलेरॉन सरळ राहतील असे परत बसवा, मग सगळा प्रवास वरच्याच दिशेनं मिळतो. उडवण्याआधी मोठ्यानं म्हणून तपासा: स्टिक उजवीकडे, उजवा एलेरॉन वर. बटण फिरवलं, दोन्ही वर.

एज-टीएक्स या मोफत प्रणालीवर चालणारा ट्रान्समीटर असेल तर यातलं काहीच आड येत नाही. मिक्स हवे तेवढे आणि पाती किती हळू हलावीत तो वेगही बांधता येतो.

प्रश्न (अलिबाग): सनबोर्डच्या पंखात नंतर फ्लॅप कापून बसवायचे आहेत. पंखाची रुंदी २२० मिलिमीटर, अर्धा पंख ७०० मिलिमीटर. मापं द्याल का?

उत्तर: फ्लॅपची रुंदी पंखाच्या पाव, म्हणजे ५५ मिलिमीटर. लांबी विमानाच्या अंगापासून २८० मिलिमीटर. त्यापुढे ३०० मिलिमीटरचा एलेरॉन आणि टोकाला थोडा पंख तसाच सोडा. फ्लॅप नेहमी आतल्या बाजूला, एलेरॉन बाहेर.

बिजागरी टेपचीच करा, वरच्या पृष्ठभागावर. पण वरून टेप असली की फ्लॅप खाली जाताना खालच्या कडा एकमेकींना भिडतात, म्हणून फ्लॅपची पुढची कड खालून तिरकी कापावी लागते. ५० अंश फ्लॅप हवा तर किमान ५० अंशांचा छेद. इथे कंजुषी केली की फ्लॅप ३० अंशांवर अडतो, सर्व्हो गुणगुणत राहतो आणि तापतो. टेप लावण्यापूर्वी दोन्ही कडा स्पिरिटनं पुसून घ्या, कोकणातल्या दमट हवेत न पुसलेल्या फोमवर टेप चार दिवसांत सुटते.

जोडणी पंखाखालून असेल तर सर्व्होचा हॉर्न फ्लॅप बंद असताना मागे, म्हणजे फ्लॅपकडे, झुकलेला ठेवा. त्यामुळे सर्व्होचा जवळजवळ सगळा प्रवास फ्लॅप खाली नेण्यात खर्च होतो. दोन टप्पे पुरे: २० आणि ५० अंश. पहिल्या वीसेक अंशांत मुख्यतः लिफ्ट वाढते, मॉडेल हळू येऊ शकतं. त्यापुढे लिफ्ट फारशी वाढत नाही, वाढतो तो ड्रॅग. उतार तीव्र करणारा भाग हा दुसरा. म्हणून '२० अंश फ्लॅप लावून पाहिले, आणखीच तरंगतं' ही तक्रार बरोबर आहे, फक्त फ्लॅप अर्धवट वापरल्याची आहे.

दोन्ही फ्लॅपांत दोन अंशांचा फरकही मॉडेलला कलतं करतो. पुठ्ठ्याचा ५० अंशांचा त्रिकोण कापून पंखाखाली धरा आणि दोन्ही त्याच्याशी जुळवा, डोळ्यावर विसंबू नका. हाय-विंगला फ्लॅप लावताच नाक वर उसळतं. एलेव्हेटर २ ते ३ मिलिमीटर खाली, इथून मिक्सची सुरुवात करा आणि फ्लॅप दीड-दोन सेकंदांत हळू खाली येईल असं बांधा. पूर्ण फ्लॅपवर एकदम थ्रॉटल दिलं तर नाक आकाशाकडे जातं. परत वर जायचं असेल तर थ्रॉटल देतानाच एलेव्हेटर खाली धरा, मग फ्लॅप अर्धे, वेग आला की शून्य. जमिनीजवळ फ्लॅप एकदम बंद करणं म्हणजे पायाखालची फळी काढणं.

प्रश्न (राजापूर): सड्यावर २ मीटरचं इलेक्ट्रिक ग्लायडर उडवतो. फ्लॅप आणि एलेरॉन दोन्ही आहेत. 'क्रो' करावा म्हणतात. किती अंश, आणि एलेव्हेटर कसा बसवायचा?

उत्तर: ग्लायडरला क्रोशिवाय खरंच गत्यंतर नाही. ज्याचं गुणोत्तर १५-२० आहे ते १० मीटरवरून दीड-दोनशे मीटर जाणार. क्रोमध्ये फ्लॅप खाली आणि एलेरॉन वर. मधला पंख भरपूर लिफ्ट आणि ड्रॅग देतो, टोकं सुटी पडतात. त्यामुळे मॉडेल तीव्र उतरतं तरी वेग वाढत नाही आणि टोकही पडत नाही. खरं काम फ्लॅपचं, एलेरॉन त्याचा तोल सांभाळतो. फ्लॅप ६० ते ७० अंश, एलेरॉन १५ ते २० अंश. एलेरॉन जास्त आणि फ्लॅप कमी ठेवलेत तर फक्त लिफ्ट जाते आणि मॉडेल दगडासारखं पडतं.

क्रो स्विचवर ठेवू नका, थ्रॉटलच्या स्टिकवर ठेवा. मोटर वेगळ्या स्विचवर. स्टिक पूर्ण पुढे म्हणजे शून्य, जवळ ओढाल तसा क्रो वाढेल. सड्यावर झुळूक क्षणाक्षणाला बदलते, ब्रेक कमी-जास्त करता आला पाहिजे.

एलेव्हेटरची भरपाई सरळ रेषेत बसत नाही. क्रोच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात नाक जोरात वर जातं, नंतर तेवढं नाही. म्हणून पाच बिंदूंची वक्ररेषा घ्या: ०, २५, ५०, ७५, १०० टक्के क्रो. एलेव्हेटर खाली ०, २, ३, ३.५, ४ मिलिमीटर अशी सुरुवात करा. हवेत स्टिक एकेका बिंदूवर थांबवून वेग पाहा. वेग वाढत गेला तर त्या बिंदूवर भरपाई जास्त आहे, मॉडेल लडखडलं तर कमी. सात-आठ उतरणी यातच जातात, घाई करू नका. ४०-५० मीटर उंचीवरच हे काम.

थोडं तुलनेसाठी: प्रवासी विमानं साधारण ३ अंशांच्या उतारानं येतात, लंडन सिटी विमानतळावर तीव्र उतार म्हणून ५.५ अंश ठेवतात. तुमचं ग्लायडर पूर्ण क्रोवर त्याच्या कितीतरी पट तीव्र येईल, म्हणून पहिल्या वेळी दिसणारं चित्र भीतिदायक वाटतं आणि माणूस क्रो बंद करतो. बंद करू नका.

प्रश्न (कुडाळ): कापणीनंतरच्या कुणग्यात पोटावर उतरतो. दर दोन-तीन उड्डाणांना फ्लॅपच्या सर्व्होचे दात जातात.

उत्तर: भाताची धसकटं फ्लॅपला खालून मारतात. तीन गोष्टी करा. धातूच्या गिअरचे सर्व्हो घ्या, ९ ग्रॅमच्या प्लास्टिक गिअरवर फ्लॅप चालवू नका. जोडणी अशी बसवा की फ्लॅप पूर्ण खाली असताना सर्व्होचा हॉर्न आणि पुशरॉड (त्याला फ्लॅपशी जोडणारी तार) जवळजवळ एका रेषेत येतील, मग खालून आलेला धक्का दातांवर न जाता अक्षावर जातो. आणि फ्लेअर पूर्ण झाला, मॉडेल वीतभर उंच राहिलं की ब्रेकची स्टिक पुढे ढकला. एवढ्या उंचीवरून ते आपटत नाही, तोवर फ्लॅप वर गेलेले असतात. त्यासाठी तुमच्या सेटिंगमध्ये फ्लॅपला हळू उघडण्याचा वेळ असला तरी बंद होताना तो शून्य ठेवा.

बीईसी (बॅटरीचा दाब उतरवून रिसीव्हर आणि सर्व्होंना वीज देणारं सर्किट) पण पाहा. सहा सर्व्हो आणि तीन सेलची बॅटरी असताना २ अँपिअरचा लिनिअर बीईसी तापतो आणि फ्लॅप अडकून ओढ वाढली की रिसीव्हर क्षणभर बंद पडतो. ३ अँपिअर किंवा जास्त क्षमतेचा स्विचिंग बीईसी लावा.

प्रश्न (देवगड): फ्लाइंग विंग आहे. दोन्ही एलेव्हॉन वर केले तर स्पॉयलरॉन होईल का?

उत्तर: नाही. तिथे एलेव्हॉन हाच एलेव्हेटर आहे, दोन्ही वर म्हणजे नाक वर आणि स्टॉल. मागच्या कडेला चार पृष्ठभाग असतील तर आतले खाली आणि बाहेरचे वर करून दोघांचा परिणाम एकमेकांत मिटवता येतो. दोनच असतील तर अंगाच्या वर, गुरुत्वमध्याजवळ, ६० बाय ८० मिलिमीटरची उभी राहणारी पाटी बसवा. खाली बसवू नका, सड्याचा कातळ ती पहिल्याच उतरणीत खरवडून काढेल.

प्रश्न (मालवण): मॉडेलला काहीही कापायचं-जोडायचं नाही. तरी उतार वाढेल का?

उत्तर: थोडा. इलेक्ट्रिक असेल तर ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) ब्रेक बंद करा, वाऱ्यानं फिरणारा पंखा थांबलेल्यापेक्षा जास्त ओढतो. ग्लो (इंधनावर चालणारं) इंजिन असेल तर आधी आयडल तपासा. ४६ आकाराचं (०.४६ घनइंच) इंजिन मिनिटाला २५०० फेऱ्यांऐवजी ३५०० वर आयडल होत असेल तर कोणताही फ्लॅप त्याला उतरवणार नाही. बाकी रडर एकीकडे आणि एलेरॉन दुसरीकडे देऊन साइडस्लिप घ्या, जमिनीपासून ३ मीटरवर सरळ करा. तुमच्या बाजूला चिपी विमानतळ असल्यानं उडवण्यापूर्वी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर जागेचा रंग मात्र पाहून घ्या.

प्रश्न (वेंगुर्ले): पुळणीवर उतरल्यावर बिजागऱ्या करकरतात, सर्व्हो अडखळतात.

उत्तर: बारीक वाळू आणि मीठ. कोरड्या कुंचल्यानं झटका, मग गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्यानं पुसा, वाळल्यावर कनेक्टरच्या पिनांना स्पिरिट. तेल घालू नका, वाळू त्याला चिकटते. फ्लॅपची फट खालून बघा: टेपच्या तिरक्या छेदात दोन-चार कण अडकले तरी एक फ्लॅप दुसऱ्यापेक्षा तीन अंश वर थांबतो, आणि मग ट्रिममध्ये चूक शोधत बसावं लागतं.